रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेची तयारी करताय? या चुका टाळा

रिझर्व्ह बँकेत अधिकारी व्हायचं ठरवलेली बरीच हुशार मुलं दुसऱ्या टप्प्यात अडकतात, कारण त्यांचा जवळजवळ सगळा वेळ पहिल्या टप्प्यात गेलेला असतो. पहिली परीक्षा २०० गुणांची. पण ती फक्त पुढे जाण्यापुरती. तिचे गुण अंतिम यादीत धरलेच जात नाहीत. यादी लागते ती दुसऱ्या टप्प्याच्या ३०० आणि मुलाखतीच्या ७५ गुणांवर. मधल्या काही आठवड्यांत अर्थशास्त्र, वित्त आणि व्यवस्थापन शून्यापासून उभं करणं जमत नाही. म्हणून सुरुवात दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासक्रमापासूनच करा.

बँक पीओची (प्रोबेशनरी ऑफिसर पदाची) तयारी केलेल्यांची आणखी एक सवय असते: दिवसभर पझल्स सोडवत बसायचं. इथे पहिल्या टप्प्यात सामान्य ज्ञानालाच ८० गुण आहेत आणि वेळ २५ मिनिटं. तिथे आठवत बसायला सवड नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, त्यामुळे अंदाजपंचे ठोकणंही महागात पडतं. रिझर्व्ह बँकेची प्रसिद्धिपत्रकं आणि पतधोरणाचं (व्याजदर आणि पैशाच्या पुरवठ्याबद्दलच्या धोरणाचं) निवेदन मुळातून वाचा. तेच वाचन पुढच्या टप्प्यातही उपयोगी पडतं.

खुल्या प्रवर्गातून बसत असाल तर ‘नुसतं बघून येऊ’ म्हणून परीक्षेला जाऊ नका. सहाच प्रयत्न मिळतात, त्यातला एक असा घालवू नये.

सगळ्यात जास्त गुण जातात ते दुसऱ्या टप्प्यातल्या लेखी उत्तरांत. उत्तरं कागदावर लिहायची नसतात, संगणकावर टाइप करायची असतात. वहीत सुंदर निबंध लिहिणारी मुलगी कीबोर्डवर अक्षरं शोधत बसली, तर येत असलेलं उत्तरही अर्धवट राहतं. इंग्रजीचा पेपर सोडून बाकीची उत्तरं हिंदीतही देता येतात. मराठी माध्यमातल्या मुलांना हा पर्याय सोपा वाटतो, पण देवनागरी टायपिंगचा हात बसलेला नसेल तर तोच अंगलट येतो. भाषा कोणती हे पहिल्याच महिन्यात ठरवा आणि रोज एक उत्तर घड्याळ लावून टाइप करा.

उत्तरात काय लिहायचं, हेही नीट समजून घ्या. समजा प्रश्न आला: ‘भाजीपाला महागल्यावर रेपो दर वाढवून उपयोग होतो का?’ बहुतेक जण रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजदराने कर्ज देते त्याच्या) व्याख्येवर अर्धं पान खर्च करतात. खरं उत्तर पुढेच असतं. रेपो दर मागणी आवरतो, त्याने टोमॅटोचं पीक वाढत नाही. पण २०१२ पायाभूत वर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात, म्हणजे किरकोळ महागाई मोजण्याच्या मापात, अन्न आणि पेयांचं वजन ४५.८६ टक्के होतं. इतका मोठा हिस्सा सतत महाग राहिला की लोक पुढच्या महागाईचा अंदाजच वाढवतात, पगारवाढ मागतात आणि महागाई बाकीच्या वस्तूंत झिरपते. रिझर्व्ह बँक हात बांधून का बसू शकत नाही, ते इथे सांगायचं. मग महागाईचं ४ टक्के लक्ष्य आणि दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा जोडायची. सलग तीन तिमाही ही मर्यादा मोडली तर बँकेला सरकारला कारणं लेखी कळवावी लागतात. २०२२ मध्ये ती वेळ पहिल्यांदा आली. असं उत्तर पाठांतराचं वाटत नाही.

मुलाखतीसाठी जागतिक घडामोडी घोकताना आपल्या गावची बँक विसरू नका. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचं जाळं मोठं आहे. २०२० च्या कायदादुरुस्तीने त्यांच्यावरचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार का वाढवले आणि बँक बुडाली तर ठेवीदाराला विम्याचे पाच लाखांपर्यंत पैसे कोण देतं, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे.