बोगद्याला घाबरणाऱ्या पोराला कोकणात कसं न्यायचं? भोपळ्यात बसवून!

आमचा लेक साडेतीन वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला आजीकडे नेला. पनवेलपर्यंत साहेब खिडकीला नाक लावून खूश, आणि मग खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा आला, चार किलोमीटरच्या वर आहे तो, तिथे जे भोकाड पसरलं ते पार रत्नागिरीपर्यंत. समोरच्या काकांनी बिस्किटं दिली, शेजारच्या मावशींनी टाळ्या वाजवल्या आणि मी आपली एकच टेप लावलेली, "काही नाही रे, काही नाही." आता बाहेर ठार काळोख, गाडीचा आवाज एकदम दुप्पट, कानाला दडे बसलेले, आणि आई म्हणतेय काही नाही! पोराचा विश्वास तरी कसा बसणार.

कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, त्यामुळे दर वेळी समजूत काढत बसणं शक्यच नाही. पुढच्या गणपतीला मी गोष्टीचा रस्ता धरला आणि तो चालला, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पोराला नक्की कशाची भीती वाटते ते काढून घ्या. थेट विचारलं तर तीन-चार वर्षांची मुलं सांगत नाहीत, म्हणून मी त्याच्या कापडी हत्तीला विचारलं, "काय रे, तुला गाडीत कसली भीती वाटते?" तर हत्तीच्या वतीने उत्तर आलं, "आई दिसत नाही." म्हणजे मी अंधार अंधार करत बसले होते आणि त्याचं दुखणं वेगळंच! यावर अर्धा उपाय तर फुकटचा आहे, दिवसा डब्यातले दिवे बरेचदा बंदच असतात, ते बोगदे सुरू व्हायच्या आधी आठवणीने लावून ठेवा.

आता गोष्ट. नवीन रचू नका, पोराला पाठ असलेलीच घ्या. आपल्याकडे तर प्रवासाच्या भीतीची गोष्ट तयारच आहे की, म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ-कोल्हा अडवतात, आणि येताना ती भोपळ्यात बसून टुणुक टुणुक सुटते. आमच्या गोष्टीत डबा म्हणजे भोपळा. भोपळ्याच्या आत अंधार असणारच, आवाजही घुमणारच, पण आतल्याला कोणी हात लावू शकत नाही. आणि भोपळ्यात आई शेजारीच बसलेली असते, हे मी मुद्दाम घातलं.

एक चूक मात्र मी केली ती तुम्ही करू नका. मूळ गोष्टीतलं ते "लठ्ठ होऊन येते, मग मला खा" तसंच ठेवलं, तर रात्री दोन वाजता अंथरुणात उठून बसला, "म्हणजे येताना खाणार?" झालं! मग वाघाचा स्वभाव बदलला. आमचा वाघ बोगद्याच्या तोंडाशी बसतो आणि त्याला फक्त चौकश्या करायच्या असतात, कोकणातलाच वाघ तो, विचारतो, "खंय चललंस रे?" आणि पोराने ओरडायचं, "आजीकडे! मोदक खायला!" की वाघ वाट सोडतो. एवढं एक वाक्य पोराच्या तोंडी द्या, बाकी तुम्ही सांगा. त्याला काम मिळालं की रडायला वेळ राहत नाही.

ही गोष्ट निघायच्या आधी पाच-सहा रात्री सांगायची, गाडीत रडायला लागल्यावर नाही, तेव्हा काहीच डोक्यात शिरत नाही. आणि रोज त्याच क्रमाने सांगा, रिक्षा, स्टेशनवरची गर्दी, बॅगा चढवणं, मग चिपळूण, मग रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा. हा सगळ्यात मोठा वाघ, साडेसहा किलोमीटर! गाडीच्या स्पीडप्रमाणे सहा-सात मिनिटं तरी जातात, म्हणून "आत्ता संपेल हं" असं खोटं सांगू नका, "हा वाघ बडबड्या आहे, खूप प्रश्न विचारतो" असं सांगा आणि सहा-सात प्रश्न तयार ठेवा. डब्यात काय आणलंस, आजीच्या कुत्र्याचं नाव काय, असले. रत्नागिरी सुटल्यावर पानवल नदीचा पूल लागतो, ६४ मीटर उंच, तिथे आमचा भोपळा उडतो. उंचीला घाबरणारं पोर असेल तर तेवढा वेळ सरळ खाऊचा डबा काढा, प्रत्येक गोष्टीत गोष्ट घुसवायलाच पाहिजे असं काही नाही.

गाडी मध्येच थांबते त्याचीही सोय गोष्टीत हवी, हे माझ्या नवऱ्याचं डोकं. वीर स्टेशनच्या पुढे बराचसा मार्ग अजून एकेरी आहे, त्यामुळे क्रॉसिंगसाठी कुठल्यातरी छोट्या स्टेशनात थांबून राहावं लागतं, पावसाळ्यात तर टाइमटेबलच वेगळं, गाड्या हळू. मोठी माणसं वैतागून "काय झालं, का थांबली" करायला लागतात आणि ते बघून पोरं घाबरतात. आमच्याकडे समोरून दुसरा भोपळा येतोय, त्याला आधी जाऊ द्यायचं, आणि आला की टाटा करायचा. वाट बघायला मजा येते.

बोगद्यात शिरलं की आवाज चढवू नका, उलट पोराच्या कानाशी तोंड नेऊन हळू बोला, हात हातात असू द्या. कानासाठी घोट घोट पाणी किंवा चघळायला काहीतरी. आणि गाडीत दंगा केलास तर टीसी पकडून नेईल, हे वाक्य घरच्या सगळ्यांना बंदी! एकीकडे गोष्ट सांगून धीर द्यायचा आणि दुसरीकडे काळ्या कोटातला बागुलबुवा उभा करायचा, याला काय अर्थ आहे. आमच्याकडे हे आजोबांना समजावणं सगळ्यात कठीण गेलं.

जाताना पहिल्या दोन बोगद्यांत गळ्याला मिठी होती, डोळे गच्च मिटलेले, पण ओरडला, "आजीकडे!" करबुडेपर्यंत समोरच्या सीटवरची छोटी पण ओरडायला लागली, तिला तर कुठे जायचंय तेही माहीत नव्हतं. येताना मात्र पठ्ठ्या रत्नागिरीलाच झोपला, आम्ही हुश्श केलं, आणि चिपळूणला जाग आल्यावर परत भोकाड. मोठ्या वाघाला न सांगताच पुढे आलो म्हणून.