जुन्या शेव्हेलला मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना या चुका टाळा

१९६८ ते १९७२ मधली शेव्हेल (शेव्हरोलेची अमेरिकन गाडी), ३५० क्युबिक इंचांचं इंजिन, मूळची ऑटोमॅटिक. तिला मॅन्युअल करायचं ठरलं की बहुतेक जण आधी गिअरबॉक्स विकत घेतात आणि मग बाकीचं त्याच्याशी जुळवत बसतात. क्रम उलटा हवा: टायरचा व्यास, मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या किती फेऱ्या), इंजिनाचा टॉर्क (पिळण्याचा जोर), आणि गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी.

नावावर भाळणं

मन्सी म्हणजे त्या काळातला चार-गिअरी मॅन्युअल गिअरबॉक्स. त्यातल्या एम-२१ आणि एम-२२ दोन्हींच्या पहिल्या गिअरचा रेशो २.२०. मागे ३.३१ चा अ‍ॅक्सल असेल तर दोन्ही रेशोंचा गुणाकार ७.३ येतो. रस्त्यावरच्या गाडीला हा आकडा १० च्या आसपास हवा. ७.३ वर प्रत्येक सिग्नलला क्लच घसरवतच गाडी काढावी लागते आणि प्लेट जळते. त्यावर उपाय म्हणून ४.१० चा अ‍ॅक्सल टाकला, तर २६ इंची टायरवर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला ३,४०० फेऱ्यांच्या वर फिरतं. लांबच्या प्रवासात कान किटतात.

मिनिटाच्या फेऱ्यांचा हिशोब सोपा आहे: ताशी मैल × अ‍ॅक्सल रेशो × ३३६ ÷ टायरचा व्यास इंचात. ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी रेशोचा वरचा गिअर) असेल तर आलेल्या उत्तराला त्या रेशोने गुणा. उदाहरणार्थ ट्रेमेक टीकेएक्स या पाच-गिअरी गिअरबॉक्सचा २.८७ पहिला आणि ०.६८ पाचवा गिअर, मागे ३.७३ अ‍ॅक्सल. सुरुवातीला गुणाकार १०.७, आणि त्याच २६ इंची टायरवर ६५ मैलांना साधारण २,१३० फेऱ्या. आमच्या मते रोज चालवायच्या गाडीला हीच जोडी. मूळ रूपच जपायचं असेल तर मन्सीचाच एम-२० घ्या, त्याचा पहिला २.५२ आहे.

जुनी मन्सी विकणाऱ्याच्या शब्दावर घेऊ नका. पहिल्या गिअरमध्ये टाका, आउटपुट शाफ्टवर खडूची खूण करा आणि इनपुट हाताने फिरवा. खूण एक फेरी पूर्ण करेपर्यंत इनपुटच्या अडीच फेऱ्या झाल्या तर एम-२०, दोनपेक्षा थोड्याच जास्त झाल्या तर एम-२१ किंवा एम-२२.

स्वस्त टी-५

मस्टँगमधून काढलेला टी-५ हा पाच-गिअरी गिअरबॉक्स साधारण ३०० फूट-पाउंड टॉर्कचा. जोरकस बिग ब्लॉकपुढे (मोठ्या आकाराच्या व्ही-८ इंजिनापुढे) त्याचे दाते टिकत नाहीत. टीकेएक्स ६०० झेलतो.

बेलहाउसिंग न मोजता बसवणं

बेलहाउसिंग म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचभोवतीचं आवरण. सगळ्यात जास्त गिअरबॉक्स इथेच बिघडतात. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक मोजणारं उपकरण) लावा, टोक बेलहाउसिंगच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक पूर्ण फिरवा. गेजवरचा एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत हवा. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल पिना (बेलहाउसिंगची जागा ठरवणाऱ्या, किंचित मध्याबाहेरच्या पिना) घाला. पिनेचा ऑफसेट त्या फरकाच्या निम्मा, म्हणजे ०.०१४ दिसलं तर ०.००७ ची. हे टाळलं की पायलट बुश (क्रँकच्या टोकात बसून इनपुट शाफ्टला आधार देणारा) झिजतो, गिअर जड पडतात, कधी गिअर आपोआप सुटतो. दोष मात्र गिअरबॉक्सला लागतो.

ऑटोमॅटिक इंजिनाचा क्रँक पायलट बुशसाठी नीट कोरलेला आहे का, हेही आधीच बघा. मन्सीच्या इनपुट शाफ्टवरचे स्प्लाइनही (क्लच प्लेट बसते ते दाते) दोन प्रकारचे: जुन्यांत १०, शेवटच्या वर्षांत २६. क्लच प्लेट त्याप्रमाणेच घ्या.

बोल्टने ओढून बसवणं

गिअरबॉक्स अर्धा इंच बाहेर अडला तर बोल्ट आवळून आत ओढू नका, अ‍ॅल्युमिनियमचे कान तुटतात. बहुतेक वेळा प्लेट मध्यावर नसते किंवा बुश घट्ट असतो. काढा, प्लेट अलाइनमेंट टूलने पुन्हा मध्यावर आणा.

तेल मन्सीला जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल, ८०डब्ल्यू-९०. काही जीएल-५ तेलांतली रसायनं पितळी सिंक्रोनायझर रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) खातात. बसवून झाल्यावर पहिले ५०० मैल गाडी शहरातच चालवा, म्हणजे क्लच पुष्कळदा दाबला-सोडला जाईल. तोवर फुल थ्रॉटल देऊ नका.