स्वतंत्र मिडवाइफ निवडताना पहिला प्रश्न कोणता विचाराल?

मी स्वतंत्र मिडवाइफ, म्हणजे प्रशिक्षित सुईण, आहे. कुठल्या हॉस्पिटलच्या पगारावर नाही. गरोदर बाई थेट माझ्याकडे येते आणि बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत तिला मीच पाहते. पहिल्या भेटीत बहुतेक जणी फी आणि अनुभव विचारतात. तेही विचाराच, पण त्याआधी हे विचारा: "मला डॉक्टरांकडे कधी पाठवाल?"

उत्तर नेमकं यायला हवं. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, जुळी असली, बाळ पायाळू राहिलं, ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, अंगावरून रक्त गेलं, तर डॉक्टर हवेतच. आधीचं सिझेरियन असेल तर बाळंतपण कुठे करायचं हे डॉक्टरांशी बोलूनच ठरतं. "तेव्हाचं तेव्हा बघू" असं कुणी म्हणालं, तर दुसरी मिडवाइफ शोधा. जिला आपली हद्द ठाऊक नाही, तिच्या हाती बाळंतपण देऊ नका.

मग नोंदणीचे कागद पाहा. न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण शेवटचं कधी घेतलं, ऐनवेळी कोणत्या हॉस्पिटलला न्यायचं, त्याच रात्री ती दुसरीकडे अडकली तर तुमच्याकडे कोण येणार, हे विचारून ठेवा.

जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात किमान ८ तपासण्या सांगते. प्रत्येक वेळी रक्तदाब आणि लघवी तपासली जाते, पोटही मापलं जातं. चोविसाव्या आठवड्यानंतर ओटीपोटाखालच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचे सेंटिमीटर साधारण आठवड्यांइतकेच भरतात. मी हात चोळून गरम करते आणि पोटाच्या दोन्ही बाजू चाचपते. एकीकडे लांब, गुळगुळीत, घट्ट लागते ती पाठ. दुसरीकडे हाताखाली सरकणारे बारीक उंचवटे म्हणजे हातपाय. मग आईचा हात तिथे ठेवते. तुमच्या मिडवाइफलाही हे शिकवायला सांगा. बाळाची हालचाल तुमच्याइतकी कुणालाच कळत नाही, आणि ती मंदावली तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करायचा असतो.

कळा जोरात आल्या की दर १५ मिनिटांनी, कळ ओसरताच, बाळाचे ठोके पूर्ण मिनिटभर ऐकायचे. मिनिटाला ११० ते १६० ठीक. जोर लावताना दर ५ मिनिटांनी. मधल्या वेळात मी बरेचदा नुसती शेजारी बसलेली असते. ते बसणंही कामच आहे, कारण बाईचा श्वास आणि आवाज बदलला की पुढचं कळतं.

बाळ आईच्या छातीवर ठेवतात. बाळ ठीक असेल तर नाळ किमान एक मिनिट तरी कापायची नाही. रक्तस्राव रोखायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन तयार आहे का, हे आधीच विचारा.

नंतरच्या भेटी टाळू नका: पहिल्या २४ तासांत, तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात. तिसऱ्या दिवशी दूध भरून येतं, कावीळ दिसू लागते, आणि आईला उगाचच रडू येतं. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजला, ताप चढला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा फिट (आकडी) आली, तर मिडवाइफच्या भेटीची वाट पाहू नका. थेट हॉस्पिटल गाठा आणि तिला वाटेतून कळवा.