माहितीपर निबंध शिकवताना: चिठ्ठ्या, ढीग आणि खाद

निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात मी नववी-दहावीला मराठी शिकवते. कित्येक वर्षं फळ्यावर ‘प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप’ लिहून मोकळी व्हायचे. मुलं इमानेइतबारे तीन भाग पाडायची आणि तिन्हींत तेच तेच लिहायची. ‘कांदा हे महाराष्ट्राचे महत्त्वाचे पीक आहे’ हे वाक्य एका वर्षी मी बेचाळीस वह्यांत वाचलं. तेव्हापासून पद्धत बदलली. चार तासिका लागतात.

पहिलं काम, विषयाचा प्रश्न करायचा. ‘कांदा’ या विषयाला आदि-अंत नाही. ‘उन्हाळ कांदा चाळीत सहा महिने कसा टिकतो?’ असं विचारलं (चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड) की काय लिहायचं आणि काय सोडायचं हे मुलांना आपोआप कळू लागतं. विषय मुलांच्या घरचाच घ्या. पर्यावरण वगैरे नंतर.

मग पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या वाटायच्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, तीही बोलीत चालेल. एकाने लिहिलं, ‘लोखंडी पत्रा तापतो, मग कांदा आतच शिजतो.’ गाईडात असं वाक्य शोधून सापडणार नाही. गटात वीसेक चिठ्ठ्या झाल्या की थांबवते.

आता निवड. हे काम मुलांना मला शिकवावं लागत नाही. गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, खाद म्हणजे खराब, टाकाऊ कांदा वेगळा, हे त्यांचे हात लहानपणापासून करतात. सारख्या चिठ्ठ्यांचा एक ढीग. पातीसकट शेतात वाळवणं, इंचभर मान ठेवून पात कापणं, जोडकांदा आणि जाड मानेचा कांदा बाजूला काढणं, हा झाला भरण्याआधीचा ढीग. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच तळ, फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, सिमेंटचे पत्रे, हा चाळीच्या बांधणीचा. काजळी (काळी बुरशी), सड, कोंब, वजनातली घट, हा तिसरा. कशातच न बसणारी चिठ्ठी म्हणजे खाद. ‘कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते’ ही दरवर्षी खादेत जाते आणि दरवर्षी कुणीतरी तिच्यासाठी भांडतं.

खरी गंमत क्रम लावताना येते, तिथे घाई करू नका. मी आपला शेतापासून चाळीपर्यंतचा सरळ क्रम धरून बसले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, सड आधी घेऊ. कांदा कशाने जातो ते सांगितल्याशिवाय एवढी खटपट कशाला, ते वाचणाऱ्याला कसं कळणार?” तिने ओल, उष्णता आणि कोंडलेली हवा असे तीन शत्रू आधी मांडले. पुढच्या प्रत्येक परिच्छेदात एकेकाचा बंदोबस्त. वाळवणं ओलीखाली गेलं, पत्रा उष्णतेखाली, फटी हवेखाली. माझ्या क्रमापेक्षा तो चांगला होता, तसं वर्गात सांगितलंही. तेव्हापासून प्रत्येक गटाला दोन क्रम लावायला लावते आणि एक का टाकला ते विचारते.

लिहायला बसल्यावर एकच नियम: परिच्छेदाचं पहिलं वाक्य ढिगाचं नाव सांगणारं हवं. ‘चाळीला तळाशी पट्ट्या असतात’ हा तपशील झाला. ‘चाळीत हवा खालून वर खेळती राहावी लागते’ म्हटलं की पट्ट्या, उंच तळ, चार-पाच फुटांपेक्षा उंच न रचलेला कांदा हे सगळं त्याच्या मागे येतं. तपासणी सोपी आहे. शेजारच्याने फक्त पहिली वाक्यं मोठ्याने वाचायची. तेवढ्यावर गोष्ट कळली तर बांधणी ठीक.

सुरुवात शेवटी लिहायची. कवितेच्या ओळी नकोत. प्रश्न सरळ मांडला तरी पुरतो.

शुद्धलेखनाला पहिल्या कच्च्या खर्ड्यावर मी लाल पेन लावत नाही. एकदा ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणा दिसल्या की मुलं तेवढंच दुरुस्त करतात, परिच्छेद हलवायला तयार होत नाहीत. वेलांट्या दुसऱ्या फेरीत.

राहिल्या बाजारभावाच्या चिठ्ठ्या. न सांगता त्याच सर्वांत जास्त येतात. कुणाच्या वडिलांनी कधी कांदा विकला, कधी परत आणला. या प्रश्नात त्यांना जागा एका वाक्याची, पण त्या मी खादेत टाकू देत नाही. पाकिटात घालून कपाटात ठेवते. पुढच्या निबंधाचा प्रश्न तिथूनच निघतो: लिलावात एकाच दिवशी दोन ट्रॅक्टरना वेगळा भाव का मिळतो?