रस्त्यावरच्या मांजरीसोबत दोस्ती कशी करायची, आपल्या खेड्यात अन् बाहेरदेशीबी

मी कुठंबी फिराले गेलो का देवळाआधी मले तिथली मांजरं दिसतात, अन् सोबतचे लोकं विचारतात का बाबा तुझ्याजवळच कशी काय येते, म्हणून जे जमते ते लिहून ठेवतो. यवतमाळकडच्या खेड्यात ओसरीवर जी पद्धत चालते तीच इस्तंबूलच्या गल्लीतबी चालते, कारण मांजर वरून येणाऱ्या हाताले सगळीकडं भेते.

म्हणून पहिले खाली बसा, अन् तोंडासमोर नाही, थोडं आडवं बसा. टक लावून पाहू नका, मांजरीले ते भांडणाचं वाटते. पापण्या हळूच मिटा, हळूच उघडा, बरेचदा तीबी तसंच करते. मंग एक बोट तिच्या नाकाच्या उंचीवर धरा अन् थांबा, तिले वास घेऊ द्या. गाल घासला तर गालावर, हनुवटीखाली खाजवा, पोटाले अन् शेपटीले हात नाही लावायचा. शेपटी फटफट हालवत असन, कान मागं गेले असन तर तिथंच सोडून द्या, नाही म्हणते ती. आपल्याकडं पोरं धावत जाऊन मानगूट धरतात, त्याहीले हे आधी शिकवा.

कान नीट पाहा. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर बहुतेक तिचं नसबंदीचं ऑपरेशन झालं हाये, जपानात सरळ न कापता फुलाच्या पाकळीसारखी खाच पाडतात. म्हणजे तिची काळजी घेणारं कोणीतरी तिथं हाये, त्याहीले विचारल्याशिवाय खायले टाकू नका. रोमले लार्गो आर्जेन्टिना म्हणून जुने अवशेष हायेत, सीझरचा खून झाला ती जागा, तिथल्या मांजरांसाठी स्वयंसेवकांचं केंद्रच हाये, अशा ठिकाणी खाऊपेक्षा केंद्राले पैसे दिलेले बरे.

इस्तंबूलले मात्र लोकं स्वतःच दुकानापुढं पाण्याची अन् खाण्याची वाटी ठेवतात, मले ते शहर याच्याचसाठी लय आवडते. तिथं कादिक्योय भागात टोंबिली नावाची जाडी मांजर पायरीले रेलून बसायची, ती गेल्यावर 2016 मध्ये त्याच बसण्याचा पुतळा उभारला. आपल्याकडं मांजर आडवी गेली का माणूस गाडी थांबवते, अन् तुरीच्या पोत्यातले उंदीर कोण मारते हे कोणी बोलत नाही! जपानच्या ताशिरोजिमा बेटावर पहिले रेशमाच्या किड्याले उंदरापासून वाचवाले मांजरं पाळायचे, तिथं आता मांजराचं देऊळ हाये.

खायले काय द्यायचं? बिनमिठाचं उकडलेलं चिकन, बारीक तुकडे, बस. आपल्या रश्श्यातला तुकडा नको, कांदा-लसूण मांजरीले विष हाये. सुकी मासोळी खारट असते, भिजवून धुऊन द्या. दूध नकोच, मोठ्या मांजरीले बरेचदा हगवण लागते. माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, तर अजिबात देऊ नका, मरते ती. अन् आपल्या उन्हाळ्यात खाण्यापेक्षा पाणी मोठं, पसरट मातीचं भांडं सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ बदलवा.

कापसाच्या गंजीत नाहीतर पऱ्हाटीच्या ढिगात पिल्लं सापडली तर लगेच उचलू नका, मायबाई शिकारीले गेली असन. दुरून वाट पाहा, पिल्लं गरम अन् गप असन तर ती येऊन-जाऊन करत हाये. थंडीत ट्रॅक्टर नाहीतर गाडी चालू कराच्या आधी बोनेटवर दोनदा थाप मारा, आत ऊब असते म्हणून मांजर शिरते. अन् उंदराले ब्रोमाडिओलोनवालं औषध टाकत असान तर ध्यानात ठेवा, उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावलेला फिरते, अन् तोच मांजरीच्या पोटात जाते. घरात मांजर असन तर पिंजरा लावा.

शेवटी ओरबाडलं, चावलं तर. मिरची, हळद, चुना काही लावू नका. वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं धुवा अन् त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीज फक्त कुत्र्यानंच होते असं गावात म्हणतात, मांजरीनंबी होते. रक्त आलं असन तर लसीसोबत सिरमबी, म्हणजे रेबीजविरुद्धचं वेगळं इंजेक्शन, लागते, डॉक्टरले तसं सांगा, अन् एक सुई घेऊन घरी बसू नका, कार्डावरचे सगळे डोस पूर्ण करा. प्रवासात असान तर कार्ड जवळ ठेवा, उरलेले डोस दुसऱ्या गावात घेता येतात.