अनांगूंची पिटी घरी आणताय? या चुका टाळा

मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अनांगू या आदिवासी समाजातल्या बायका पिटी डोक्यावर घ्यायच्या, तेव्हा खाली केसांच्या दोरीची चुंबळ असे. तिला त्या मांगुरी म्हणतात. पिटी म्हणजे लाकडाचं खोलगट पात्र. त्यात पाणी, रानातलं बी, कधी तान्हं मूलसुद्धा. हे पात्र शोकेससाठी जन्मलेलं नाही, पण ते ॲल्युमिनियमचं पातेलंही नाही, आणि मी नेमकी तिथेच चुकले.

घरची काठवट धुऊन उन्हात पालथी घालायची सवय. पिटीही तशीच घातली. संध्याकाळी पाहते तर काठापासून आत बोटभर तडा. भिजलेलं लाकूड भरकन सुकलं की सगळीकडून सारखं आकसत नाही, तंतूंच्या रेषेवर फाटतं. पिटी ओलसर फडक्याने पुसा, लगेच कोरडी करा, सावलीत ठेवा. हीटरजवळ किंवा एसीच्या झोतात नको. खाद्यतेल चोळू नका, ते चिकट होतं आणि खवट वास धरतं. तडा गेलाच तर लगेच गोंद भरू नका. काही आठवडे सावलीत ठेवा आणि तो वाढतोय का बघा. पॉलिश पेपर तर मुळीच नको, त्याने नक्षीच जाते.

या नक्षीला वाल्का म्हणतात. तार विस्तवात लाल करून लाकडावर टेकवायची. रेघेवरून नख फिरवून पाहा, खाच लागते. तार निवत जाते तशी रेघ काळ्याची तपकिरी होते, तार पुन्हा तापवली की परत गडद. सगळ्या रेघा एकाच खोलीच्या, एकाच रंगाच्या असतील तर शंका घ्या. इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींच्या म्हणून खपवल्याबद्दल 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एका कंपनीला 23 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला होता. म्हणून बनवणारीचं नाव आणि गाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. उलुरू या प्रचंड खडकाजवळची मारुकू ही 1984 पासूनची, अनांगूंच्याच मालकीची संस्था आहे. तिथून घेतलेलं उत्तम.

"ही कला हजारो वर्षांची" असंही सरसकट सांगू नका. पात्रं फार जुनी, तापल्या तारेची नक्षी मात्र विसाव्या शतकातली. त्याने तिचं मोल तसूभरही कमी होत नाही. आणि घरी पायरोग्राफीचं, म्हणजे लाकडावर जाळून नक्षी काढायचं पेन असलं तरी वाल्का उतरवून घेऊ नका. त्या रेघा कुणाच्या तरी भूमीच्या, कथेच्या आहेत. बनवणारीने जेवढा अर्थ सांगितला, तेवढाच पाहुण्यांना सांगा.