शैक्षणिक कर्ज आणि महिन्याचा खर्च: मी कसं बसवते

शैक्षणिक कर्ज घेतलं की बँक आपली फी थेट कॉलेजच्या खात्यात भरते आणि त्याच दिवसापासून तेवढ्या रकमेवर व्याज सुरू होतं. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने लागतात, म्हणून घरी सगळे निर्धास्त असतात. पण २ लाख उचलले आणि दर १० टक्के असेल, तर वर्षाला २०,००० व्याज चढतं, म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहते. शिकवण्यांचे पैसे आले की आधी हे व्याज भरते. पूर्ण जमलं नाही तर ५०० भरा, पण भराच. नाहीतर पुढे ते मुद्दलात मिसळतं.

घरचं वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदानाबद्दल बँकेत विचारा. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा.

रोजच्या खर्चाला वेगळं खातं काढा. त्यात दर सोमवारी ठरलेलीच रक्कम टाका आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. चहा-वडापाव कुठे जातो ते लगेच कळतं. मेस लावताना खाडे धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करतात का, किती दिवस आधी सांगावं लागतं, हे पैसे देण्यापूर्वीच विचारून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत बरेच वाचतात.